थोरली, धाकटी आणि मधल्या

सूनबाईला शिंक आवरता येते. मिरवावं असं हे काही कौशल्य नाही, पण त्या घरात ते नसतं तर पहिल्याच आठवड्यात तिची हकालपट्टी झाली असती. मागच्या खोलीत काळ्या ट्रेवर वाळूच्या कणाएवढी कवचं मांडलेली असतात, आणि एका शिंकेसरशी कोट्यवधी वर्षं दगडात टिकलेला ऐवज कपाटाखाली जाऊन पडतो. मग सासरे खुर्चीत बसून "सापडलं का?" विचारत राहतात आणि सून ओल्या ब्रशच्या टोकाने फरशी टिपत बसते. एकदा नणंद तोंडाला पावडर थापून आत आली होती, तेव्हापासून तिला दारातच थांबवतात.

ही कवचं फोरॅमिनिफेराची. नाव जिभेला गाठ मारणारं, म्हणून घरात नुसतं फोरॅम. समुद्रातला एका पेशीचा जीव, ना डोकं ना तोंड, पण घर बांधण्यात भल्याभल्या गवंड्यांनी हात टेकावेत असा. आधी एक कप्पा बांधायचा, तो पुरेनासा झाला की त्याला लागून दुसरा, मग तिसरा, आणि असं वेटोळं घालत जायचं. ज्यांचा वंश बुडाला त्यांची फक्त घरं उरली. जीव कसा होता हे सांगायला कुणी शिल्लक नाही, तेव्हा घरावरून घरमालक ओळखायचा. कुणाची भिंत वाळूचे कण चिकटवून केलेली, कुणाची चिनी मातीच्या कपासारखी पांढरी गुळगुळीत, कुणाची काचेसारखी आणि बारीक भोकांची. मग कप्प्यांमधले पडदे सरळ की तिरके, भिंतीत आधाराला खांब आहेत की नाहीत, असतील तर दाट की विरळ. एवढ्यावरून जात ठरते, नाव मिळतं, आणि त्या नावावरून माणसं आयुष्यभर एकमेकांशी भांडतात.

सासरे या विद्येतलं मोठं प्रस्थ. त्यांना सगळे सर म्हणतात, टपालवालासुद्धा. सूनबाई आधी त्यांची विद्यार्थिनी होती. वर्गात तिची नजर सगळ्यांत तयार, म्हणून सरांनी तिला घरचा संग्रह पाहायला बोलावलं, आणि दार उघडलं मुलाने. पुढचं कुणीही सांगू शकेल. तेव्हापासून जेवायच्या टेबलावर ती त्यांना बाबा म्हणते आणि मागच्या खोलीत पाऊल टाकलं की सर. चुकून तिकडचं इकडे झालं तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

मुलगा मात्र या कवचांना लहानपणापासून वैतागलेला. त्याने भर समुद्रात तेलाच्या विहिरी खणणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. महिनेच्या महिने तो तिकडे पाण्यावर, आणि ही इकडे. "भावाने बाबांच्या हातात सून दिली आणि आपण सटकला," असं नणंद म्हणते. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि सहसा खोटं बोलत नाही, म्हणूनच तिचं कुणाशी फारसं पटत नाही.

सासूबाई गेल्या त्याच वर्षी सरांचे डोळे बिघडले. नजरेच्या ऐन मधोमध डाग पडला. कडेकडेने दिसायचं. दार दिसायचं, त्याची कडी दिसायची नाही. माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. ज्याने जन्मभर नेमकं मधोमधच पाहिलं त्याच्यावर दैवाने हा असा सूड उगवावा, याचा सूनबाईला तेव्हा फार राग आला. ती कॉलेजात शिकवत होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून तिने रजा घेतली. त्या थोड्या दिवसांत तिची मुलगी शाळा संपवून बाहेरगावी शिकायला गेली.

काम असं चाले. फोरॅमांत काही नाण्याएवढेही असतात. तसं एक कवच काचेच्या पट्टीवर लाखेने चिकटवायचं. जाड काचेवर पाणी घ्यायचं, त्यात घासायची करडी पूड टाकायची आणि त्यावर ते कवच बोटाने गोल गोल फिरवत झिजवायचं, अगदी मधल्या पहिल्या कप्प्यापर्यंत. तिथे थांबता आलं पाहिजे. एक फेरा जास्त झाला की जीवाचा जन्मच पाण्याबरोबर वाहून जातो, आणि उरलेलं कवच कुणाच्या कामाचं राहत नाही. मग नीट उतरलेला काप मायक्रोस्कोपखाली ठेवून ती जे दिसेल ते सांगे आणि सर खुर्चीत मान मागे टाकून ऐकत. त्यावर ते नाव सांगत. खोलीला एक खिडकी होती, पण कपाटं वाढली तेव्हा एक तिच्यासमोर आलं. दिवसभर दिव्याचा उजेड. नखांत करडी पूड बसलेली, ती साबणाने जात नाही. ती बाहेर भाजी घ्यायला गेली की भाजीवाली विचारी, "ताई, बांधकामावर असता का?" ती हो म्हणायची. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

जीवाश्मांच्या संग्रहालयातले लोक तिला सरांचे डोळे म्हणत. कौतुकानेच म्हणत. डोळ्यांना स्वतःचं काही मत असतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता थोरलीचं आणि धाकटीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सर तरुण होते तेव्हा त्यांनी एका खाणीतून दोन नव्या जाती शोधल्या. एकीचं कवच मोठं, मधला पहिला कप्पा सुईच्या टोकाएवढा, भिंतीत खांब विरळ. दुसरीचं कवच लहान, पण पहिला कप्पा चांगला ठसठशीत, आणि खांब दाट. लॅटिन नावं लांबलचक, म्हणून घरात थोरली आणि धाकटी. थोरलीला सरांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. धाकटी नंतर जाहीर झाली, तोवर सरांचं लग्न ठरलं होतं, तिला सासूबाईंचं नाव मिळालं. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण पाहुण्यांना त्या हौसेने सांगायच्या की माझ्या नावाचा किडा आहे. किडा नाही, असं सर दर वेळी दुरुस्त करत.

गोम अशी की थोरली आणि धाकटी नेहमी एकाच दगडात सापडत. आणि वर्गात सरांनीच शिकवलं होतं की या जीवांत एकाच जातीच्या दोन तऱ्हेच्या पिढ्या असतात. एक पिढी मोठ्या कप्प्यापासून सुरू होते आणि लहानच राहते. दुसरी बारीकशा कप्प्यापासून सुरू होते आणि खूप वाढते. अजाण माणूस त्यांना दोन जाती समजतो. दुसऱ्यांच्या अशा चुका सरांनी डझनांनी दाखवून दिल्या होत्या, आणि दाखवताना त्यांना जो आनंद होई तो काही फार सज्जनपणाचा नसे. स्वतःच्या दोघींच्या बाबतीत ते एकच म्हणत, "खांब वेगळे आहेत. भिंतच वेगळी आहे." वादच मिटला.

सूनबाईला शंका आली ती एका फुटक्या थोरलीवरून. तिच्या आतल्या वेटोळ्यांत खांब दाट होते, अगदी धाकटीसारखे. बाहेर जावं तसे ते विरळ होत गेले होते. म्हणजे खांबांचा जातीशी काही संबंध नव्हता, ते वयाप्रमाणे पांगत होते. तिने ते सांगितलं.  त्या दिवशी सर जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही ताटात नुसते चिवडत बसले, आणि संध्याकाळी सासूबाईंच्या फोटोसमोर खुर्ची ओढून तिरके बसले, कारण तिरकं पाहिलं तरच त्यांना तो दिसायचा. सूनबाईने ते पाहिलं. दोघी एकच ठरल्या तर नियमाप्रमाणे आधीचं नाव राहतं आणि नंतरचं जातं. म्हणजे सासूबाई जाणार, दुसऱ्यांदा. पुढच्या कापाच्या वेळी सरांनी विचारलं, "आतले खांब?" आणि ती म्हणाली, "विरळच आहेत, सर. त्या फुटक्यात माझं चुकलं असेल."

एकदा म्हटलं की म्हणतच राहावं लागतं. संग्रहालयातला एक जाणकार अधूनमधून येऊन काप पाहून जाई. त्याच्या नजरेला पडू नये म्हणून सूनबाई अडचणीचं कवच एक फेरा जास्त घासू लागली. आतली वेटोळी पूड होऊन पाण्याबरोबर मोरीत जात. "अगं, तुझा हात बिघडला की काय?" सर विचारत. ती म्हणे, "वय झालं, सर." सर हसत आणि पुढचं कवच मागत.

या मायेपायी तिने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. सर या कवचांवर मोठा ग्रंथ लिहीत होते, तो पुरा होईना. काही कवचं ना थोरलीत बसत ना धाकटीत, आणि सर माघार घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी मधली काढली. मग दुसरी मधली. काही मधल्या निसर्गाने घडवल्या होत्या, काही सूनबाईने. तिने एका दिवशी खरं सांगितलेलं आणि दुसऱ्या दिवशी खोटं, दोन्हींना धरून सर प्रामाणिकपणे नव्या जाती उभ्या करत. घर वाढत चाललं होतं आणि त्यात तिला श्वास घ्यायला जागा नव्हती. कधीकधी ती मायक्रोस्कोपला डोळा लावून काहीच पाहत नसे. नुसती बसे. तेवढाच वेळ तिचा स्वतःचा.

तशात नवऱ्याची बदली झाली. कायमची, जमिनीवरच्या ऑफिसात. त्याने समुद्राजवळच्या गावात भाड्याचं घर पाहिलं आणि फोन केला.

"खिडक्याच खिडक्या आहेत," तो म्हणाला. "पडदेच परवडायचे नाहीत. कॉलेजात शिकवायची जागा रिकामी आहे, मी विचारून ठेवलंय. महिनाअखेर न्यायला येतो."

"आणि बाबा?"

"ताईशी बोललोय. ती ठेवून घेते म्हणाली. फक्त दगड आणायचे नाहीत म्हणाली."

सूनबाईने फोन ठेवला आणि बराच वेळ मोरीत हात धूत उभी राहिली. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्याची तिला लाज वाटली. टेबलावर तिने विषय काढला तेव्हा सर म्हणाले, "जा की. कुणी अडवलंय? एवढा ग्रंथ पुरा होऊ दे." त्यांच्या आवाजात जराही आडमुठेपणा नव्हता. पुस्तक संपलं की ती जाईल, आणि ती खरं सांगत नाही तोवर पुस्तक संपणार नाही. खरं सांगितलं तर थोरली, धाकटी आणि सगळ्या मधल्या एका झटक्यात एक होतील, शेवटचं प्रकरण चार दिवसांत उरकेल. किल्ली तिच्याच हातात होती. ती फिरवायची म्हणजे म्हाताऱ्याच्या छातीवर पाय देऊन बाहेर पडायचं.

ती रोज ठरवायची आणि रोज कच खायची.

शेवटी एका दुपारी तिने एक मधली घासायला घेतली. मनात नवं घर होतं, त्या खिडक्या होत्या, हात आपोआप फिरत होता. भानावर आली तेव्हा कवच बरोबर मध्यावर आलं होतं. जास्तीचा फेरा राहून गेला होता. तिने पट्टी धुतली, मायक्रोस्कोपखाली ठेवली, आणि तिच्या तोंडून आपसूक "अरे वा" निघालं. इतका नेटका काप तिच्या हातून कित्येक दिवसांत झाला नव्हता. मधोमध सुईच्या टोकाएवढा पहिला कप्पा, थोरलीचा. त्याभोवती दाट खांबांची वेटोळी, धाकटीची. आणि शेवटच्या वेटोळ्यात खांब हळूहळू पांगायला लागलेले. ही मधली वगैरे कुणी नव्हतीच. मोठी होण्याआधी मेलेली थोरली होती.

"काय दिसतंय?" सरांनी विचारलं.

तिने पट्टी उगाच जरा सरकवली.

"अगं, अरे वा म्हणालीस. कशाला वा?"

"सर," ती म्हणाली, "खांब दाट आहेत. आत दाट, बाहेर विरळ. पहिला कप्पा बारीक आहे. थोरली आणि धाकटी एकच आहेत. माझ्या मते कधीपासूनच एक आहेत."

सरांनी मान पुढे आणली. तिला वाटलं, आता हे कोसळणार. ती उठून त्यांच्यापाशी गेली, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"बस. पहिल्यापासून सांग. वेटोळं वेटोळं सांग."

तिने सांगितलं. किती तरी दिवसांनी ती जे दिसतंय तेच सांगत होती. सर मधूनच प्रश्न करत, पडद्यांचा तिरकेपणा विचारत, भिंतीतली भोकं विचारत, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा धारदार होत गेला. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "धाकटीचं नाव जाईल."

"हो."

"नियम म्हणजे नियम. तिला हसूच आलं असतं. किडा मेला म्हणाली असती." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "तू मला विरळ कधीपासून सांगत होतीस?"

सूनबाईला रडू फुटलं. तिने फुटक्या थोरलीपासून सगळं सांगून टाकलं, ताटातलं चिवडणं, फोटो, जास्तीचे फेरे, मोरीत गेलेली वेटोळी.

"काहीतरी शिजतंय असं वाटलं होतं मला," सर म्हणाले. "एरवी तू माझ्याशी कचाकचा भांडतेस. खांबांचं विचारलं की तुझा आवाज मऊ व्हायचा. मला वाटायचं, थकली असेल." त्यात राग नव्हता, आणि हे रागापेक्षा जास्त लागलं. "किती कवचं पुढे घासलीस?"

"मोजली नाहीत. बरीच."

"आणि बाकीच्यात खरं काय, खोटं काय?"

"मला आठवतं. पाहिलं की आठवतं."

"म्हणजे असं," सर सावकाश म्हणाले, हिशेब मांडावा तसे. "कपाटातल्या चिठ्ठ्यांवर जे लिहिलंय त्यातलं काय ठेवायचं ते फक्त तुला माहीत. मोरीत जे गेलं ते फक्त तू पाहिलंस. मी नवा माणूस बसवला तर तो कशावर विश्वास ठेवणार?"

"दोन जातींचा निकाल तर लागला ना, सर? या एका कापावर लागतो."

"या दोघींचा लागला. पण ग्रंथ या दोघींचाच नाही. त्या काळात तू मला बाकीच्या जातींचेही खांब सांगितलेस. आवाज तेव्हाही मऊच होता." ते खुर्चीत सरसावून बसले. किती तरी दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर इतकी तरतरी आली नव्हती. चूक दिसली की त्यांना असंच व्हायचं, चूक कुणाचीही असो. "सगळं परत पाहायला हवं. खाणीतला जुना दगड आहे अजून, त्यातून नवी कवचं काढू. वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ. सापडलेली चूक अर्धी सुधारलेली असते."

बाळ ते तिला कधीच म्हणत नसत. सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जाणूनबुजून जाळं टाकलेलं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. त्यांनी टाकलं असतं तर तिला ते तोडता आलं असतं. भांडून, आरडाओरडा करून, पिशवी उचलून नणंदेच्या दारात त्यांना नेऊन सोडता आलं असतं. पण ते म्हणत होते त्यातला शब्दन् शब्द बरोबर होता. तिने घासून टाकलेलं दुसरं कुणी परत आणू शकणार नव्हतं. गेल्यावर नव्या घराच्या कुठल्याही खिडकीत बसली असती तरी तिला हे कपाट दिसत राहिलं असतं, आणि त्यातला एकेक खोटा काप.

"वरच्या खणापासून सुरू करू या का?" सरांनी विचारलं.

"खालच्या," ती म्हणाली. "सुरुवात तिथून झाली होती." आणि ती गुडघ्यांवर बसून खण ओढू लागली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो खुशीत होता. मालकाने घराची किल्ली दिली होती, स्वयंपाकघराला त्याने स्वतः रंग लावला होता आणि रंग जरा भडक झाला होता. तिने त्याला दुपारचं सगळं सांगितलं, काही न लपवता. 

"मग ग्रंथ संपला की नाही?" शेवटी त्याने विचारलं.

"त्यांचा संपल्यातच जमा होता. आता माझं निस्तरायचं राहिलंय."

"किती लागेल?"

आत सर खणातल्या काचपट्ट्या चाचपत होते, त्यांचा बारीक किणकिणाट ऐकू येत होता. सगळ्या कपाटांचा अंदाज तिला त्यांच्याकडे न बघताही होता. ती मनात एकेक कपाट मोजू लागली.

"मी महिनाअखेर येऊ नको का?" तो म्हणाला. "किल्ली परत करू?"

"नको, नको. किल्ली ठेव," ती म्हणाली. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. येतेच मी."

आपला आवाज किती मऊ आला ते तिचं तिलाच ऐकू आलं. सरांनी तो लगेच ओळखला असता. नवरा इतकी वर्षं पाण्यावर होता, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "बरं, मग मी पडदे घेऊन ठेवतो," आणि कुठल्या रंगाचे घेऊ, असं विचारू लागला.